आलेखावरची पावलं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय, आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याच्या बाबतीत घडलंय.

रविवारची दुपार. तळघरातली प्रयोगशाळा. वरचे तिन्ही मजले बंद.

भावोजी रसायनशास्त्रज्ञ. भुताखेतांचं नाव काढलं की पोट धरून हसणारे. त्यांनी एक यंत्र बनवलंय. केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक टोकाची काचेची सुई धातूकडे सरकते, आणि तिथे विजेमुळे होणारी रासायनिक क्रिया पडद्यावर रेघ बनून दिसते. सुई इतकी नाजूक, की खोलीत कुणी चाललं तरी रेघ उसळते.

'त्यांनी' बनवलंय म्हणालो खरा. पण सुई धातूला न टेकता आपोआप थांबते, ती युक्ती ताईंची. ताई म्हणजे त्यांच्या वरिष्ठ सहकारी. एका पायाने लंगडायच्या. आल्या की पडद्यावर एक उंच उसळी, एक बुटकी, मग विराम.

"आली बघ माझी सही," म्हणून स्वतःच हसायच्या.

दवाखान्यात, जाण्याआधी, म्हणाल्या, "शोधनिबंधावर माझं नाव ठेवशील ना रे?"

भावोजींनी होकारार्थी मान हलवली होती.

त्या रविवारी, सगळं श्रेय आपल्यालाच मिळावं म्हणून, त्यांनी ते नाव काढून टाकलं. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो, अशी मनाची समजूत घातली.

तेवढ्यात बहिणीचा फोन. "ताईंचं नाव घातलंत ना?"

"घातलं की." धडधडीत खोटं.

फोन ठेवला. शेवटच्या आलेखासाठी सुई खाली सोडली. श्वास रोखला. रेघ सरळ...

...आणि एक उंच उसळी.

मग बुटकी.

मग विराम.

भावोजींनी कान देऊन ऐकलं. पाऊल वाजत नव्हतं. काहीच वाजत नव्हतं...

उंच. बुटकी. विराम.

उसळ्या वाढत होत्या. म्हणजे चालणारं जवळ येत होतं.

खुर्चीच्या अगदी मागे... थांबलं.

रेघ पुन्हा सरळ.

वळून बघायची छाती झाली नाही. "चुकलो, ताई," एवढंच तोंडातून निघालं. त्यांनी नाव परत घातलं, सगळ्यात आधी, आणि निबंध पाठवून दिला.

मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही.

तो आलेख मी पाहिलाय. येणारी अकरा पावलं मोजली.

जाणारं एकही नाही.

भावोजी अजून रोज यंत्र चालू करून बसतात, ताई कधी निघतात याची वाट बघत. खुर्ची मात्र आता भिंतीला टेकवून ठेवलीये.