राणीचा दहावा

सिनेमे पाहण्याचे दिवस संपून सिनेमे आठवण्याचे दिवस आले, तेव्हा कोल्हापुरात परदेशी राजांचे खेळ हाऊसफुल्ल जाऊ लागले. स्मरणगृहात खुर्चीवर टेकायचं, कपाळाला पट्टी लावायची आणि अर्ध्या तासात बाहेर यायचं. पडदा नाहीच. यंत्र मेंदूत एक आख्खी आठवण ठेवून देई: बर्फातला किल्ला, पंखांचे घोडे, तुमच्या हातातली तलवार. पाहिल्यासारखं नव्हे, जगल्यासारखं आठवे. आपल्या इतिहासात माणूस आधी स्वतःचं आडनाव शोधतो आणि मग भांडतो. परक्या इतिहासात कुणाचाच आजोबा नसतो, त्यामुळे कुणीही बिनधास्त सरदार होतो.

निवृत्त ड्रॉइंग मास्तर गजानन चौगुले दर शनिवारी सरदार होत. एका शनिवारी मात्र ते घरात आले नाहीत. अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट बसून त्यांनी अंघोळ केली.

त्यांच्या पत्नी विमलताई टॉवेल घेऊन धावल्या. "अवो, कोण गेलं?"

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ते रडू लागले. "तू."

यंत्राच्या जनक डॉ. शाल्मली देवस्थळी गावातच होत्या. विमलताईंनी त्यांना गाठलं.

"आमच्या ह्यांना स्टुलावर चढायला आधार लागतो, आणि म्हणे घोड्यावरनं बर्फात लढले. ते असू दे. पण त्यात मेलेल्या राणीच्या जागी मी कशी?"

"आम्ही लाडक्या माणसाचा चेहरा रिकामा ठेवतो," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला रिक्तमुख म्हणतात. बघणाऱ्याचा मेंदू तिथे आपलं सर्वांत प्रिय माणूस बसवतो."

विमलताई लाजल्या. इतक्या वर्षांच्या संसारात हे मास्तरांनी एकदाही सांगितलं नव्हतं.

"मग पुसा की ती राणी."

"राणी पुसली तर तुम्हीही पुसल्या जाल. चेहरा एकच आहे. दुःख रीतसर संपू द्या, आठवण आपोआप फिकी होईल."

रीतसर म्हणजे दहावा. विमलताईंनी स्वतःच्या दहाव्याचा स्वयंपाक स्वतःच केला. मेलेल्या बाईची आवड कुणाला विचारायची गरज नव्हती, त्यामुळे भरली वांगी झकास झाली. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी याहूनही जास्त काही केलं असतं.

पंचगंगेच्या काठी पिंड ठेवला. कावळा झाडावरून हलेना. गेलेल्या माणसाची इच्छा उरली की कावळा शिवत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी एकेक वचन देऊन पाहिलं: झाडांना पाणी घालीन, तंबाखू सोडीन. कावळा ढिम्म. शेवटी त्यांनी डोळे मिटले.

"विमल, तुझ्यामागं दुसरी बाई घरात ठेवणार नाही."

कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. दहा दिवसांत प्रथमच ते शांत दिसले, आणि विमलताईंनाही भरून आलं. ते वळून त्यांच्यापाशी आले. इतक्या मायेनं ते त्यांच्याशी कधीच बोलले नव्हते.

"बाई, रागावू नका," ते म्हणाले. "तुम्हाला माहेरी कोण आहे?"