सहा हजार पाहुणे

"काका, आत्ताच्या आत्ता या. आत्याबाईंनी सुई ठिवली."

सास्तूरच्या शिवांजलीचा फोन आला तेव्हा बब्रुवान काका दाढीला साबण लावून बसले होते. तोंड पुसून तसेच उठले. एकतीस वर्षं त्यांनी विजेचे मीटर वाचले होते आणि आकडे टाकून वीज पळवणारे कैक जण पकडले होते. निवृत्त झाल्यावरही कुठे खोटेपणाचा वास आला, की गाव त्यांनाच बोलवायचं.

प्रेमाबाई म्हणजे शिवांजलीची सासू. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात राहताना ही बाई गोधड्या शिवायला लागली, ती आजतागायत थांबली नव्हती. आज मात्र सुईचा डबा फडताळात ठेवून ती भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"वैनी, झालं काय?"

"सहा हजार माणसांनी माझी गोधडी बघितली, भावजी. एकालाबी आवडली न्हाय. उद्या बंद करा ते दुकान."

दुकान म्हणजे वेबसाइट. आठ बायकांच्या गोधड्या विकायला शिवांजलीने दिवाळीत ती काढली. पण नवी वेबसाइट म्हणजे आडरानातलं दुकान, तिथवर माणूस आणायचा कसा? ते काम लोहाऱ्याच्या उमाशंकरने अंगावर घेतलं. त्याचा कॉम्प्युटर क्लास होता. किती पाहुणे आले, याचा तक्ता तो दर आठवड्याला पाठवायचा. पाहुणे सहा हजार झाले. ऑर्डर सोडा, साधा फोनही आला नाही.

"उमाशंकर म्हणतो, मी माणसं आणली, मालच चालंना, साइट बंद करा." शिवांजली संतापली होती. "म्या न्हाय करणार बंद! आत्याबाईंचा हात मला ठावा हाय. पाणी कुठंतरी मुरतंय, काका."

काकांनी तक्ते मागवले आणि चष्मा चढवला. रोज दीडदोनशे पाहुणे. पुणे, नाशिक, मुंबई, अगदी दुबईसुद्धा. जो तो पाच सेकंद थांबलेला. फक्त एका दिवशी एकच पाहुणा होता, नाशिकचा, आणि तो अकरा मिनिटं थांबला होता.

"ह्या दिवशी काय हुतं?"

"येळवस हुती की, शेतातल्या पूजेची आवस. घराला कुलूप लावून सगळी शेतात. पांडव पुजले, आंबील प्यालो. मोबाइल बघाय सवड कुणाला?"

"साइट चालू हुती?"

"नाशिकच्या माणसाला दिसली, म्हंजी चालूच की."

काकांनी त्या तारखेभोवती पेनाने गोल काढला.

शिवांजलीचा संशय श्रीशैलवर होता. गावात त्याचं ब्लँकेटचं दुकान. साइट निघाली तेव्हा तो चारचौघांत हसला होता. काका तिला घेऊन आधी त्याच्याकडे गेले.

"पोरीच्या ऑर्डरी तू पळवतोस का?"

श्रीशैलने खिशातून बटणाचा मोबाइल काढून दाखवला. "ह्यच्यावर काय पळवू, काका? हसलो हे खरं. हसणं गुन्हा हाय का?"

"येळवसला कुठं हुतास?"

"शेतात. सगळा जिल्हाच शेतात हुता."

"व्हय. सगळा जिल्हा." काकांनी मोटारसायकलला किक मारली. "शिवांजली, बस मागं. लोहाऱ्याला जाऊ."

उमाशंकरच्या क्लासवर मोठा बोर्ड होता: 'सास्तूरच्या वेबसाइटला सहा हजार पाहुणे आणले, तुमच्याही आणू!' आत तो एकटाच बसला होता. समोरचे सगळे कॉम्प्युटर बंद, डोक्यावर एक पंखा. सवयीने काकांची नजर दारातल्या मीटरवर गेली. मीटरचा लाल दिवा भराभर लुकलुकत होता.

"क्लास चालू हाय का रे?"

"आज सुट्टी हाय, काका."

"मंग एका पंख्याला एवढी वीज लागती?"

काका वायरच्या मागे मागे चालत मागच्या खोलीशी पोचले. उमाशंकर आडवा आला. शिवांजलीने त्याला बाजूला सारून दार ढकललं.

फळ्यांवर चाळीस जुने मोबाइल मांडले होते. प्रत्येकावर प्रेमाबाईंची गोधडी उघडायची, पाच सेकंद दिसायची, बंद व्हायची, थोड्या वेळाने पुन्हा उघडायची. बघायला खोलीत माणूस नव्हता.

"हेच तुजं पुणं आणि हीच तुजी दुबई," काका म्हणाले.

"ही नुसती चाचणी हाय, काका. खरे पाहुणे येगळे."

"खरे? मंग ऐक. येळवस पाळतो आपण, लातूर-धाराशिवकडची माणसं. पुण्या-मुंबईत तिचं नाव किती जणांना ठावं? मंग त्या दिवशी तिथले पाहुणे गेले कुठं? दुबईत कुणी शेतात कडब्याची खोप बांधून आंबील प्यालं का? न्हाय. तू प्यालास. जाताना मेन स्विच पाडलास, त्यासंगं वायफाय गेलं, कुलूप लावलंस. तू शेतात गेलास आणि तुजे दीडशे पाहुणे जागच्या जागी मेले. बंद घराचं मीटर फिरत न्हाय, बाबा. एकतीस वर्षं म्या तेच बघितलंय."

उमाशंकरने कबुली दिली. खरी माणसं आणणं जमेना, म्हणून त्याने पहिल्यांदा शंभर खोटी दाखवली होती. गावांची नावंही एका ॲपमधून बदलायची. आकडा ऐकून दुसरी गिऱ्हाइकं आली, बोर्ड लागला, मग थांबता येईना. ऑर्डरी का येत नाहीत, हे कुणी खोदून विचारायच्या आत त्याला साइट बंद पाडायची होती.

"पण त्या दिवशी खरा आलाच किती? एक!" तो कुरकुरला. "एका माणसावर धंदा हुतोय व्हय?"

"हुतोय का न्हाय, ते म्या बघते," शिवांजली म्हणाली. बाहेर येऊन तिने तो बोर्ड खाली ओढला. "आता तुमच्या सगळ्या गिऱ्हाइकांना ही खोली दावणार. आणि पोलिसांनाबी."

घरी प्रेमाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी माझी गोधडी कुणी टाकून दिली न्हाय?"

"कुणी बघितलीच न्हवती, आत्याबाई. खरी बघितली ती एकाच माणसानं, नाशिकच्या."

"किती येळ?"

"अकरा मिनिटं."

अकरा मिनिटं तर त्यांची गोधडी घरातल्याही कुणी कधी बघितली नव्हती. प्रेमाबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"सहा हजार गेले उडत. डबा काढ खाली. म्या शिवते, तू माझ्या हाताचे फोटो काढ. त्यो नाशिकवाला परत आला, तर त्येला नवं कायतरी दिसाय पायजे."

शिवांजलीने मोबाइल उचलला. प्रेमाबाईंनी पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवला.