लाभ, दोन, तीन

पोर्ट हॅलम मला पहिल्या दिवसापासून आवडलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी माझी कीव करायला नको.

कागदोपत्री ते शहर आहे. ख्राइस्टचर्चहून दक्षिणेला गाडीने साडेतीन तास. एक मोठा रस्ता, त्यावर पांढऱ्या चुनखडीच्या, बंद पडलेल्या बँकांच्या इमारती, दोन डेअऱ्या (आपल्याकडची कोपऱ्यावरची वाण्याची दुकानं, दुधाशी संबंध जेमतेम), आणि टेकडीवर हायस्कूल. एके काळी इथून लोकर आणि गोठवलेलं मांस थेट लंडनला जायचं. आता बंदरात सील झोपतात. मी इमारती भूकंपाला टिकतील का ते तपासणारी इंजिनिअर. जुन्या चुनखडीच्या गावात मला काम कमी पडणार नव्हतं. माझा नवरा गंधार घरूनच कोडिंग करतो, त्याला कुठेही वायफाय असलं की पुरे.

प्रश्न आमच्या लेकीचा, इराचा होता. तेरा वर्षांची. ख्राइस्टचर्चमधल्या मैत्रिणी सोडून जानेवारीत इथे आली आणि मुकीच झाली. शाळेत डबा एकटीने खायची. आम्ही मराठीत विचारायचं, तिने इंग्लिशमध्ये एका शब्दात तोडायचं, हे पूर्वीपासूनचंच, पण आता तो एक शब्दही महाग झाला. शेवटी गंधारने तिला शब्द दिला, की टर्म संपेपर्यंत बघ, नाही रमलीस तर परत जाऊ. मला इथे राहायचं होतं, आणि पोरीचा चेहरा बघवत नव्हता.

मार्चमध्ये शाळेचा 'वॉक' असतो. सगळी शाळा दोघादोघांच्या रांगेने टेकडी उतरते, बंदराच्या ब्रेकवॉटरच्या, म्हणजे लाटा अडवायला समुद्रात घातलेल्या बांधाच्या, टोकापर्यंत जाते आणि तशीच परत येते. जाताना आणि येताना फाटकावर मुलं मोजायची, तीही मोठ्याने, तोंडाने. यंत्र चालत नाही, शिक्षक चालत नाहीत. त्या वर्षी नव्याने आलेल्या पालकांपैकी कोणीतरी लागतं. ऑफिसातल्या मिसेस ड्रमंडनी मला बोलावून घेतलं. एकतीस वर्षं त्या एकाच खुर्चीत आहेत आणि शाळेची कुठली पायरी कधी फुटली तेही त्यांना पाठ आहे.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"एकोणीसशे सव्वीस," त्या म्हणाल्या. "त्या वर्षी दोनशे बारा गेले आणि दोनशे अकरा आले."

"बाप रे. कोण बुडालं?"

"तेच तर. हजेरी घेतली, तर प्रत्येक नावाला उत्तर आलं. कोणाचे आईवडील शोधत आले नाहीत. गावात कोणाचंच मूल कमी नव्हतं." त्यांनी माझ्यासमोर वही ठेवली. "तेव्हापासून आम्ही नीट मोजतो."

मला गंमत वाटली. चुकीचं मोजलं असेल कोणीतरी, मी मनात म्हटलं. मोजमाप दोनदा घ्यायचं हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात.

त्या दिवशी दक्षिणेचा वारा होता, अंगावर आंघोळीचं गार पाणी ओतावं तसा. मुलं जोड्यांनी निघाली. माणूस किती का वर्षं परदेशात राहीना, मोठ्या संख्या मोजायला लागला की मराठीवर येतो. त्यात मी नारायणगावच्या धान्याच्या दुकानातली नात. आजोबा पायलीने बाजरी मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत. म्हणायचे 'लाभ', मग दोन, मग तीन. पहिलं माप मोजायचं नसतं, त्याचं स्वागत करायचं असतं, असं ते सांगत. मी पहिल्या जोडीला मोठ्याने 'लाभ' म्हटलं आणि मोजत सुटले.

दोनशे पाच जोड्या झाल्या. सगळ्यात शेवटी, हात खिशात घालून, एकटी इरा. चारशे अकरा मुलं. मला बघून तिने मान फिरवली.

फाटकातून ब्रेकवॉटर पूर्ण दिसतो. काँक्रीट शंभराहून जास्त वर्षांचं असूनही चांगलं आहे. फक्त शेवटच्या पन्नास मीटरला समुद्राच्या बाजूचा कठडा नाही, लाटा तो टिकू देत नाहीत. रांग टोकाला गेली, थांबली आणि जागच्या जागी उलटी फिरली. म्हणजे जे शेवटी होते ते आता पुढे आले.

त्यामुळे फाटकात पहिली आली ती इरा. आणि ती एकटी नव्हती.

शेजारी एक मुलगी होती. राखाडी स्वेटर, दोन वेण्या, पाय अनवाणी. इथली मुलं डेअरीतसुद्धा अनवाणी जातात, तेव्हा त्यात नवल काही नाही. तिचं तोंड इराकडे होतं. इरा हसत होती. दोन महिन्यांनी मी तिचे दात पाहिले.

"लाभ!" मी म्हटलं, जरा जास्तच मोठ्याने.

ती मुलगी थबकली. वळली नाही, नुसती थबकली, हाक मारल्यावर माणूस थबकतो तशी. मग दोघी पुढे गेल्या.

दोन. तीन. चार. मी मोजत राहिले. दोनशे सहा जोड्या. एकटं कोणी उरलं नाही.

मी वहीत लिहिलं, बाहेर ४११, आत ४१२, आणि खाली सही केली, कल्याणी. मिसेस ड्रमंडनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"दोन्हीकडे बाहेरचाच आकडा लिहायचा असतो," त्या म्हणाल्या. "माझी चूक. सांगायला हवं होतं."

"पण चारशे बारा आलेत."

"एक जास्त येतंच. दर वर्षी." त्यांनी मागची पानं उलटली. सगळीकडे दोन्ही आकडे सारखे. "आपण लिहीत नाही, आणि सकाळपर्यंत सगळं जिथल्या तिथे असतं. शुक्रवारी तीन वाजेपर्यंत वही माझ्याकडे आहे. दुरुस्त करून जा."

"आणि नाही केली तर?"

"तसं अजून कोणी केलेलं नाही," त्या म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

वहीवरून मी गंधारशी बोलले नाही. बोलायला जागाच नव्हती, इतकी इरा बोलत होती. मैत्रिणीचं नाव नेल. नेल फनी आहे, नेलकडे फोन नाही, नेलने तिला एक गेम शिकवलाय. तिने खिशातून पाच हाडं काढली, मेंढीच्या घोट्यातली, पिवळी आणि गुळगुळीत. इथे त्याला नकलबोन्स म्हणतात.

"अगं, हे तर सागरगोटे!" मी म्हटलं आणि जमिनीवर फतकल मारून बसले. तासभर खेळलो. ती मला हरवत होती आणि 'आई, यू आर सो बॅड अ‍ॅट धिस' म्हणत लोळत होती. हाडं हाताला ओलसर लागत होती, कितीही पुसली तरी. इतकं सुख मला त्या घरात तोवर मिळालं नव्हतं.

शुक्रवारी अडीचला मी शाळेत गेले. आधी ऑफिसात इराच्या वर्गाची यादी पाहिली. सत्तावीस नावं, त्यात नेल नाही. मग कॉरिडॉरमधून चालत वर्गाच्या काचेपाशी उभी राहिले.

चौदा बाकं. प्रत्येक बाकावर दोघं. मी दोनदा मोजलं. खिडकीजवळच्या बाकावर इरा, तिच्या शेजारी वेण्या. बाईंनी वह्या वाटल्या आणि त्या बाकावर न अडखळता दोन ठेवल्या.

इराने शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं आणि दोघींचे खांदे हलायला लागले.

मी इंजिनिअर आहे. आकडा खरा असेल तर खोडायचा नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण ते नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या बाकावर माझी मुलगी परत एकटी बसलेली मला बघायची नव्हती.

ऑफिसात जाऊन मी पेन मिसेस ड्रमंडच्या टेबलावर ठेवलं. टोपण न काढता.

त्या रागावल्या नाहीत. वही तिजोरीत ठेवली, किल्ली फिरवली. "मग पुढच्या वर्षी आपण चारशे बारा बाहेर मोजू," त्या म्हणाल्या. "आत किती येतात ते बघू."

तेव्हा मला ते वाक्य नुसतं हिशेबी वाटलं.

एप्रिलमध्ये टर्म संपली. गंधारने जेवताना विषय काढला, आणि इराने त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "नो वे, बाबा! मी नाही येणार." येणार नाही हे मराठीत म्हणाली, ते त्याच्या लक्षातही आलं नाही. मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि स्वयंपाकघरात डोळे पुसून घेतले.

आम्ही राहिलो. थंडीसाठी लाकडं भरली, मागे लिंबाचं झाड लावलं. नेल येत-जात असायची. मी कामावर असताना ती यायची आणि मी यायच्या आत जायची, असं गंधारकडून कळे.

"दोघी काय खिदळत असतात गं," तो म्हणायचा. "माझ्या मीटिंगमध्ये ऐकू जातं."

"दिसते कशी?"

"पाठमोरीच असते. चांगली आहे पोरगी. शांत आहे." मग जरा थांबून, "जंडल्स देऊ या का तिला, रबरी चपलांची एक जोडी? पाय ओले असतात गं तिचे."

परवा बुधवारी मी लवकर घरी आले. चार वाजले असतील. बाहेर स्वच्छ ऊन होतं, गंधार पोस्टात गेला होता. मी पोहे भिजवले, कांदा चिरला. इराच्या खोलीतून हाडांचा टकटक आवाज येत होता आणि त्यावर बारीक आवाजात मोजणं चाललं होतं.

"लाभ... दोन... तीन... चार..."

ऊर भरून आला. आजोबांचं मोजणं, तीन पिढ्यांनी, पृथ्वीच्या या टोकाला! मी चार बशा काढल्या. शेंगदाणे तळताना मात्र मनात आलं, की हे मी इराला कधी शिकवलं? घरात मी तसं मोजत नाही. आयुष्यात एकदाच मोठ्याने मोजलं होतं, फाटकावर.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. इरा आत आली. गाल लाल, खांद्यावर नेटबॉलची बॅग.

खोलीतलं मोजणं थांबलं.

"आई, नेल आली का?" तिने बूट उडवत विचारलं. हल्ली ती माझ्याशी मराठीतच बोलते. किती गोड बोलते.

"आली," मी म्हटलं. माझा आवाज अगदी नेहमीसारखा आला.

"येस!" तिने बशीतले दोन शेंगदाणे तोंडात टाकले. "आई, वॉकला पुढच्या वर्षीपण आम्ही दोघीच लास्ट. आमचं ठरलंय. ह्या वेळी समुद्राच्या बाजूने ती चालली ना, म्हणून पुढच्या वेळी मी. नेल म्हणते, इट्स माय टर्न."

आणि ती नाचत खोलीकडे गेली.

दार आतून तिच्यासाठी उघडलं गेलं. "लाभ," आतून कोणीतरी म्हणालं.