लेओन्सिओच्या जुन्या खुणा

“आज आपला पिचर कोण गं?” बुटाची नाडी बांधता बांधता लेओन्सिओने पुन्हा विचारलं, आणि त्याच्या बायकोच्या, एनेइदाच्या, हातातली कॉफी बशीत सांडली. चेंडू कोण टाकणार, सकाळपासून हाच प्रश्न! आणि आज बेसबॉलचा अंतिम सामना… ज्या कॅचरचं नाव सान पेद्रो गावातल्या लोकांनी हौसेने आपल्या मुलांना ठेवलं, ज्याने उमेदीची सारी वर्षं फलंदाजामागे उकिडवं बसून मुखवट्यावर चेंडूंचे तडाखे सोसले, तो लेओन्सिओ, संघाचा आताचा नामांकित मॅनेजर, हळूहळू सगळं विसरत चालला होता. आणि हे ठाऊक होतं फक्त तिला आणि तिच्या भावाला, चागोला.

बहीणभावाने मिळून साऱ्या गावाच्या डोळ्यांत धूळ फेकली होती. चागो तिसऱ्या बेसपाशी उभा राहायचा. मॅनेजर टोपीला, कानाला, पट्ट्याला हात लावून गुप्त खुणा करतो, त्या वाचून फलंदाजाला हुकूम पोचवायचा, हे त्याचं काम. लेओन्सिओ काय वाट्टेल त्या खुणा करो, चागो गंभीरपणे मान डोलवायचा आणि आपल्या मनचाच हुकूम द्यायचा. “म्हातारा अजून काय खेळवतो!” असं लोक म्हणायचे, तेव्हा एनेइदा हसायची आणि घरी येऊन न्हाणीघरात रडायची.

पण आज तिच्या काळजात दुहेरी भीती होती. समोरच्या संघाचा कॅचर होता त्यांचाच मुलगा विल्किन! काही वर्षांपूर्वी बापाच्याच संघात असताना, अशाच अंतिम सामन्यात, बापाने त्याला कारणाचा चकार शब्दही न काढता बाकावर बसवलं होतं. “एक दिवस भर मैदानात तुमची अब्रू काढीन!” असं ओरडून तो घराबाहेर पडला, तो परत आलाच नाही. त्या निष्ठुरपणाबद्दल एनेइदानेही नवऱ्याला मनोमन कधी क्षमा केली नव्हती…

शेवटचा डाव आला. धावा बरोबरीत, लेओन्सिओचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवरून विल्किनपाशी पोचून विजयी धाव काढायला टपलेला… आणि चागो, तोंडाळ मेला, अंपायरला आंधळा म्हणाला! अंपायरने त्याला तिथल्या तिथे मैदानाबाहेर काढलं. त्याच्या जागी नवखा प्रशिक्षक उभा राहिलेला पाहताच एनेइदा जागेवरून उठली. धावतच ती डगआउटच्या, संघाच्या बसायच्या जागेच्या, जाळीपर्यंत पोचली.

लेओन्सिओने खुणा केल्या. प्रशिक्षक बावचळला. लेओन्सिओने रागाने पुन्हा त्याच केल्या.

“म्हाताऱ्या, डास मारतोयस का रे?” कोणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला. देवा, आता सगळ्यांना कळणार! काय होतंय ते विचारायला प्रशिक्षक खेळ थांबवून धावत आला, आणि त्याच्या मागोमाग मुखवटा काढून विल्किन चालत येताना तिला दिसला. त्या खुणा साऱ्या मैदानात फक्त त्यालाच कळल्या होत्या. त्या लेओन्सिओच्या तरुणपणच्या होत्या, लहानग्या विल्किनला जेवणाच्या टेबलावर शिकवलेल्या.

आला… अब्रू काढायला आला! “विल्किन, बाळा, नको रे!” ती पुटपुटली.

विल्किन बापासमोर कॅचरसारखा उकिडवा बसला. “मास्तर, काय झालं?” बाबा म्हणणं टाळत त्याने विचारलं.

लेओन्सिओ त्याच्याकडे परक्यासारखा बघत राहिला. “कोणाचा रे तू? बसतोस मात्र झकास. माझा पोरगाही कॅचरच. येड्याचा गुडघा टम्म सुजलेला, तरी लपवून खेळायला निघाला होता! जन्माचा लंगडा झाला असता. आणि कारण सांगावं, तर अमेरिकेहून त्याचा खेळ बघून संघात घ्यायला आलेले लोक परत फिरले असते… म्हटलं, मला शिव्या घालू दे, पण पाय शाबूत राहू दे त्याचा! माझ्या बायकोला बोलू नकोस हां. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.”

जाळीला धरून एनेइदा ढसाढसा रडू लागली. इतकी वर्षं या माणसाने एकट्याने केवढा दोष माथी घेतला होता!

विल्किनने आपल्या गुडघ्यावर हात ठेवला. तो उठला आणि प्रशिक्षकाच्या कानाशी वाकला. “बॅटला चेंडू नुसता टेकवायचा, आणि तिसऱ्यावरच्याने जीव घेऊन पळत सुटायचं. हाच हुकूम आहे.”

“अरे, पण तू तर त्यांचा… तू सांगतोस आम्हाला?”

“हुकूम त्यांचा आहे. मी नुसता वाचला.”

आपल्या पिचरला मात्र त्याने हा बेत सांगितला नाही. चेंडू टेकला, धावणारा धुळीतून घसरत आला, विल्किनने जिवाच्या आकांताने झेप घेतली, पण उशीर झाला होता. मैदान लेओन्सिओच्या नावाने दणाणून गेलं.

त्या गलक्यात लेओन्सिओ मात्र भेदरून उभा होता. “एनेइदा, काय झालं गं? हरलो का आपण?”

“जिंकलात, बाबा!” गर्दी बाजूला सारत धुळीने माखलेला विल्किन पुढे आला आणि त्याने बापाचा दंड धरला.

लेओन्सिओने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याची नजर पोराच्या गुडघ्यावर उतरली.

“विल्किन… गुडघा कसा आहे रे तुझा?”

“बरा आहे, बाबा… अगदी बरा आहे!” विल्किनचा बांध फुटला. एनेइदाने दोघांचेही हात घट्ट धरले. उद्या सकाळी ही ओळख राहील की नाही, या भीतीने ते तिला सोडवेनात.