अस्वलाचा कान

त्या दिवशी दुपारच्या जेवणाआधीच मी तिसऱ्यांदा कचरा टाकायला खाली उतरले होते. पिशवीत होतं काय, तर पेन्सिलींना टोक काढून साठलेला चिमूटभर भुसा.

कचऱ्याच्या डब्यापाशी एक उंच माणूस उभा होता. त्याच्या पिशवीत केळ्याचं एकुलतं एक साल. त्याने माझी पिशवी पाहिली, मी त्याची.

"घरून काम करता वाटतं?" त्याने विचारलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"इतका स्वच्छ माणूस दुसरा कोण असणार?"

मला खुदकन हसू आलं. कितीतरी दिवसांनी कुणाच्या तरी समोर हसले होते मी. एरवी दिवसभर बोलायला कोण? भिंती, आणि फोनवर आई. आईचं सुरू व्हायचंच मुळी "घरीच तर असतेस" पासून.

तो माझ्या खालच्याच मजल्यावर राहत होता. मिक्सर, इस्त्री, पंखा अशा यंत्रांसोबत जी माहितीपुस्तिका येते, ती लिहायचा. "जगात सगळ्यात जास्त छापलेला आणि सगळ्यात कमी वाचलेला लेखक," असं तो स्वतःच म्हणाला. मी मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. तेव्हा हातात एका अस्वलाची गोष्ट होती. थंडीत सगळी अस्वलं गाढ झोपतात आणि याला मेल्याला झोपच येत नाही.

मला मात्र भरपूर यायची! आणि झोप नसली की दुसरं काहीतरी. कागद पुढ्यात घेतला रे घेतला की पडदे धुवायचे राहिलेत हे आठवायचं. पडदे धुतले की डबे घासायचे. संध्याकाळी घर लखलखीत आणि कागद कोरा... रडू यायचं अगदी. हे पुस्तक वेळेत झालं नाही तर खोली सोडून आईकडे परत जायचं आणि दादाच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं मी आईला कबूल करून चुकले होते. दादा चांगला आहे हो, पण त्याच्या दुकानात नळाच्या तोट्या मिळतात. मला तोट्या विकायच्या नव्हत्या.

हे सगळं मी त्या अनोळखी माणसाला तिथेच, डब्यापाशी उभ्याउभ्या सांगून टाकलं.

"माझंही तेच," तो म्हणाला. "समोर कुणी बसलेलं असलं की मी मुकाट्याने काम करतो. एकटा असलो की फ्रिज उघडून बघत बसतो."

"माझ्या टेबलाची एक बाजू रिकामी असते," मी म्हणून गेले. आणि मग कानापर्यंत लाल झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, स्वतःची खुर्ची उचलून. माझ्याकडे एकच होती ना! आमचा नियम ठरला: चहाचं आधण ठेवेपर्यंत एक शब्दही बोलायचा नाही. संध्याकाळी तो खुर्ची घेऊन खाली जायचा, सकाळी पुन्हा घेऊन यायचा. आठवडाभरात अहो-जाहो गळून पडलं. आणि एके दिवशी भुरभुर पाऊस लागला होता, जिना ओला होता, म्हणून खुर्ची माझ्याकडेच राहिली. नंतर जिना वाळला तरी राहिली.

आणि खरं सांगू? माझं काम व्हायला लागलं. समोरून टकटक टाइप केल्याचा आवाज यायचा आणि माझा हात आपोआप चालायचा. शब्द अडला की तो डावा कान ओढायचा, डोळे बारीक करून छताकडे बघायचा. मी मान वर करून पाहायची... आणि पटकन खाली घालायची.

"काय बघतेस?"

"आधण ठेवलेलं नाही अजून. बोलायचं नाही."

"सूचना. उपकरण गरम असताना त्याकडे टक लावून पाहू नये."

"कोण गरम आहे इथे?"

"मी मिक्सरबद्दल बोलतोय," तो साळसूदपणे म्हणाला. मी खोडरबर फेकून मारलं.

पुस्तक संपत आलं. शेवटची चित्रं पाठवली त्या सकाळी मी आनंदाने नाचायलाच हवं होतं. पण तो आल्या आल्या म्हणाला, "मी पुढच्या आठवड्यापासून ऑफिसात जाणार. तिथे टेबल मिळालंय."

मी रंगाचे ब्रश पुसायला घेतले. "बरं झालं की," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? माझंही काम झालं होतं. कुणी कुणासमोर बसायचं काही कारणच उरलं नव्हतं.

तेवढ्यात संपादक बाईंचा फोन आला. माझे हात रंगाने बरबटलेले, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. तो समोरच बसलेला.

"चित्रं फार गोड झालीत गं," बाई म्हणाल्या. "पण एक घोळ आहे. सुरुवातीला अस्वल जाडजूड, पेंगुळलेलं आहे. शेवटच्या पानांवर ते भलतंच झालंय! उंच काय, डोळे बारीक करून छताकडे काय बघतं... आणि प्रत्येक पानावर डावा कान का ओढतं ते? अस्वलाचा कान डोक्यावर असतो बाई, बिचाऱ्याचा हात पुरेना!"

मी समोर पाहिलं. तो डावा कान धरून बसला होता.

खरंच सांगते, मला कळलंच नव्हतं. काढताना एकदाही कळलं नव्हतं.

"शेवटची पानं बदल," बाई म्हणाल्या. "दोन दिवसांचं काम. नाहीतर सुरुवातीची बदलावी लागतील, ती बरीच आहेत. आणि मुदत काही वाढवता येणार नाही हं."

मुदत चुकली असती तर दादाचं दुकान होतंच. तरी मी म्हटलं, "सुरुवातीची बदलते. मला हेच अस्वल हवंय."

फोन बंद झाला. मीच म्हणाले, "कान सोड आधी. ते अस्वल तूच आहेस. मला तू आवडतोस... फार."

त्याने कान सोडला. दोन्ही हात कुठे ठेवावेत ते काही त्याला सुचेना.

"ऑफिसातलं टेबल मी मागून घेतलंय," तो हळूच म्हणाला. "इथे माझं काहीच काम होत नाही. पहिले आठ दिवस तेवढं झालं. तेव्हापासून त्याच मिक्सरची पुस्तिका चाललीय. तू मान खाली घालून काढत असतेस आणि मी नुसता बघत असतो. टाइप केल्याचा आवाज यावा म्हणून काहीबाही बडवत बसायचो."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुझं काम होत होतं ना. ते मोडायचं नव्हतं."

माझे डोळे भरून आले. रंगाच्या हाताने ते पुसताही येईनात, तर त्यानेच पुढे होऊन आपल्या बाहीने पुसले.

"जा तू ऑफिसात," मी म्हटलं. "मी काढीन एकटी. आता जमेल मला. पण रोज संध्याकाळी इथे ये."

"संध्याकाळी कसलं काम?"

"कसलंच नाही," मी म्हणाले. "नुसतं यायचं."