शंभरपैकी शून्य

निःशब्द कक्षाची भिंत दीड हात जाड होती आणि तिच्यातून आवाज, उजेड, बिनतारी लहर, काहीच आरपार जात नसे. भिंतीच्या अलीकडे कृष्णा बाबर बसली होती, पलीकडे वेण्णा बाबर. संगम माहुलीकडच्या या जुळ्या बहिणी, दोघीही पहिलवान. आईबापांनी कौतुकाने नद्यांची नावं ठेवली, पण नदी म्हटली की सरकार तिच्यावर धरण बांधायला येतं हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

प्रकरण सुरू झालं ते कृष्णाच्या खांद्यापासून. साताऱ्याच्या मैदानात कुस्ती खेळताना तिचा उजवा खांदा निखळला, आणि त्याच क्षणी नाशिकच्या तालमीत जोर मारणारी वेण्णा उजवा खांदा धरून ओरडत खाली बसली. कुणीतरी ते चित्रित केलं आणि गावभर केलं. पंधरवड्यात दोघींच्या हातात नोटीस पडली.

त्या काळी नेपच्यूनकडे माणसं पाठवायची तयारी चालली होती. तिथून निघालेला बिनतारी संदेश पृथ्वीवर पोहोचायला चार तास लागतात, आणि उत्तर परत जायला आणखी चार. तोवर यानातल्या माणसांनी काय करायचं? मनोवहन, म्हणजे एका मनातून दुसऱ्या मनात थेट जाणारा संदेश, खरोखर असेल तर त्याला अंतराची अडचण नाही, असा काही शास्त्रज्ञांचा दावा होता. म्हणून जुळी सेवा कायदा आला. ज्या जोडीत मनोवहन सिद्ध होईल तिच्यातलं एक जण चौदा वर्षं यानात, आणि दुसरं चौदा वर्षं प्रयोगशाळेच्या खोलीत कान देऊन बसलेलं. चाचणीला नकार दिला तर तोच पुरावा. आपल्याकडे वनवास चौदा वर्षांचाच का लागतो, ते कायदा करणाऱ्यांनाच ठाऊक.

चाचणी साधी होती. होडी, शिडी, मासा, कंदील आणि घडा या पाच चित्रांतलं कुठलंही एक यंत्र उचलून दाखवणार. कृष्णाने ते पाहायचं आणि पलीकडे वेण्णाने तोंडाने सांगायचं, असं शंभर वेळा. मेंदूचे आलेख काढून झाले होते, पण त्यांत नेमकं काय शोधायचं हेच कुणाला कळत नव्हतं. त्यामुळे कायद्याने सगळी भिस्त तोंडच्या उत्तरावर ठेवली होती.

वेण्णा ठरवूनच आली होती. चित्र तिच्या मनात आपसूक उमटे. होडी उमटली की ती मासा म्हणे, मासा उमटला की कंदील. तिने आयुष्यात कुठलं काम अर्धवट केलं नव्हतं, तसं हेही केलं नाही. शेवटचं उत्तर देऊन ती उठली तेव्हा तिला वाटलं, सुटलो बाई.

निकालाच्या पडद्यावर शून्य आलं. प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉ. मृणालिनी टिळेकर यांनी चष्मा काढला आणि मुलींना घरी पाठवायला हरकत नाही असं सांगितलं. अंतराळ मोहिमेतर्फे आलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. ओक मात्र खुर्चीतून हलले नाहीत.

"ती नुसती अंदाजाने बोलली असती तर किती उत्तरं बरोबर आली असती?" त्यांनी विचारलं.

"पाचात एक. शंभरात वीसच्या आसपास."

"मग ती वीस गेली कुठे?"

टिळेकर बाईंनी चष्मा पुन्हा चढवून पडद्याकडे पाहिलं.

"डोळे बांधून आंब्यावर शंभर दगड भिरकावले तर दोनचार कैऱ्या पडतातच," ओक म्हणाले. "एकही पडली नाही, तर मारणाऱ्याला कैऱ्या दिसत होत्या आणि तो त्या चुकवत होता. असा योगायोग पाचशे कोटींत एकदा घडेल. शंभर वेळा चुकायला शंभर वेळा बरोबर काय ते माहीत असावं लागतं, बाई."

फेरचाचणी ठरली. तिचे दोन भाग होते. आधी वेण्णा उत्तरं देणार, मग जागा बदलून कृष्णा. एका भागात जरी आकडा विसापासून फार वर किंवा फार खाली गेला, तरी जोडी सरकारजमा. तोवर दोघींनी भेटायचं नाही. उत्तर देणारीला आपला निकाल कारणासकट कळण्याचा हक्क होता, म्हणून टिळेकर बाईंनी तो वेण्णाला जाऊन सांगितला. कृष्णाने उत्तरं दिलीच नव्हती. तिला नुसतं थांबायला सांगण्यात आलं.

वेण्णाने कपाळावर हात मारून घेतला.

"आमचे वस्ताद सांगायचे," ती म्हणाली. "नुरा कुस्ती, म्हंजे ठरवून हरायची कुस्ती, ती खऱ्या कुस्तीपरीस अवघड. एक डाव न टाकता पाठ टेकली तर शेंबडं पोरगंबी वळखतं. मी कधी नुरा लढलेच न्हाई. म्हणून हितं घावले."

टिळेकर बाईंनी तिला काही सुचवलं नाही, ते त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण त्या लगेच उठल्याही नाहीत. वेण्णाला आता स्वतःची काळजी नव्हती. कृष्णा तिच्याहून हट्टी. ती खुर्चीत बसली की तीही इमानेइतबारे शंभर चुका करणार, आणि मग ती यानात आणि आपण खोलीत. चौदा वर्षांनी भेटलो तर भेटलो.

फेरचाचणीत यंत्राने पहिलं चित्र दाखवलं आणि वेण्णा म्हणाली, "घडा." दुसऱ्याला म्हणाली, "घडा." तिसऱ्यालाही तेच. शेवटी ओकांनी तिच्याशी बोलायचं बटण दाबून समज दिली, की ही थट्टा नव्हे.

"मनात येईल ते सांगा, असं तुमीच म्हणालात," वेण्णा म्हणाली. "माझ्या मनात घडाच येतोय. त्याला मी काय करू?"

नियम तसाच होता. ओकांना बटण सोडावं लागलं. यंत्राने जितक्या वेळा घडा दाखवला तितकी उत्तरं बरोबर निघाली, एकोणीस. तिला सगळं दिसत असतं किंवा काहीच दिसत नसतं, तरी आकडा हाच आला असता. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

"दुसरा भाग राहिलाय," ओक शांतपणे म्हणाले. "कृष्णाला यातलं काही माहीत नाही. ती बहिणीचीच चूक करणार." त्यांचं गणित अगदी बरोबर होतं.

दोघींना वेगवेगळ्या दारांनी नेऊन जागा बदलल्या. आता चित्रं वेण्णासमोर होती. आजवर तिने मुद्दाम काही पाठवलं नव्हतं. जायचं ते आपोआप जायचं. मुद्दाम पाठवलेलं जातं का, हेही तिला ठाऊक नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याचा संताप येत होता. दात आवळून ती एकच गोष्ट भिंतीपलीकडे ढकलत राहिली.

पहिलं चित्र मासा होतं. पलीकडे कृष्णा जरा थांबून म्हणाली, "शिडी." होडी आली तेव्हा म्हणाली, "कंदील." ओक हसले. टिळेकर बाईंना पडद्याकडे बघवेना.

तिसऱ्या चित्राला कृष्णाने मान वाकडी केली, कुणी मागून हाक मारल्यावर करतात तशी. 

"घडा," ती म्हणाली. आणि तिथून पुढे शेवटपर्यंत घडाच.

एकूण बावीस उत्तरं बरोबर आली. ओक उठून उभे राहिले.

"हाच पुरावा आहे. तिला हे कुणी सांगितलं?"

"कायदा बरोबर उत्तरं मोजतो, डॉक्टर," टिळेकर बाई म्हणाल्या. "ती बावीस आहेत. एका घरात वाढलेल्या दोन हट्टी पोरींना एकच युक्ती सुचली, असंही म्हणता येईल. तुम्हाला वेगळं काही सिद्ध करायचं तर तिसरी चाचणी लागेल, आणि ती कायद्यात नाही."

मनोवहन आहे की नाही हे बाईंना आयुष्यभर जाणून घ्यायचं होतं, आणि आता उत्तर समोर असून ते कुठे लिहिता येत नव्हतं. त्यांनी सुटकेच्या कागदावर सही केली. त्याचं वाईट वाटलं नाही.

दोघी फाटकापाशी पोहोचल्या तेव्हा ओक मागून आले. मोठ्या आपुलकीने त्यांनी विचारलं, "कृष्णा, तुमचा खांदा कसा आहे आता?"

कृष्णा तशीच पुढे चालत राहिली. वेण्णा मात्र थांबली, वळली आणि स्वतःचा उजवा खांदा चोळत त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "दुखतोय अजून. उजव्या कुशीवर झोपलं की जास्तच. घ्या लिहून, आन् कुठल्या आकड्यात बसवताय ते बसवा."