डावीकडून तिसरा

"तिसऱ्याची बोटं मोज," मिरची म्हणाली.

तिचा मावसभाऊ भिंग घेऊन स्टुलावर चढला. दिसेल ते वहीत उतरवायची खोड, म्हणून सगळे त्याला टिपण म्हणत. वाचनालयाच्या भिंतीवर टेबलाएवढा फोटो लावला होता. युद्धाच्या वर्षातले नऊ घोडेस्वार, एका ओळीत. टोप्यांच्या सावलीत चेहरे हरवले होते, पण लगाम धरलेले हात स्पष्ट दिसत होते.

"पाच. सगळी शाबूत," टिपण म्हणाला.

"ऐकलंस?" ग्रंथपालकाका मिरचीकडे वळले. "फोटोबरोबर आलेल्या यादीत डावीकडून तिसरं नाव तुझ्या आजोबांचं आहे, कबूल. पण त्यांच्या डाव्या हाताला दोन बोटं कमी. म्हणजे नाव तेच, माणूस दुसरा. जन्मभर नांगर धरणारे ते, घोड्यावर कधी बसणार?" मग त्यांनी फोटोखाली नावं रंगवायला आलेल्या पेंटरला सांगितलं, "तिसऱ्याखाली लिही, 'ओळख पटलेली नाही'. पाचच्या आत उरक. उद्या फोटोचं अनावरण आहे."

मिरचीच्या नाकाचा शेंडा लाल झाला. धाकट्या मावसभावाने, गुळ्याने, तिला मागे ओढलं. त्याची जीभ नावाप्रमाणेच गोड होती.

"दादा, काय वळणदार अक्षर आहे तुमचं," तो पेंटरला म्हणाला. "आधी वरचं शीर्षक रंगवा ना. सावकाश, झोकात."

पेंटर खुलला आणि शीर्षकाकडे वळला. तेवढ्यात टिपण कुजबुजला, "सातव्या स्वाराला दोन बोटं नाहीत. पण उजव्या हाताची."

तिघांनी सायकली थेट शेतावर पिटाळल्या. आजोबा मक्याला पाणी देत होते.

"आजोबा, तुमच्या तुकडीत बोटं तुटलेला आणखी कोणी होता?"

"नाही. मी एकटाच."

"लगाम कुठल्या हातात धरायचा?"

"डाव्या. उजवा तलवारीसाठी मोकळा ठेवायचा. म्हणून तर गोळीला डावा सापडला. दोन बोटं गेली, लगाम नाही सुटला." बांध फुटल्याची हकिकत सांगावी तसं ते म्हणाले आणि फावड्याने पाटाचं तोंड वळवलं.

"आणि तलवार?" टिपणने विचारलं.

"डाव्या कमरेला. उजव्या हाताने उपसायची तर डावीकडेच हवी की."

टिपणने वहीची पानं मागे उलटली. "फोटोत सगळ्यांच्या उजव्या कमरेला आहे."

"आजोबा, चला ना. तुम्हीच सांगा त्यांना," मिरची म्हणाली.

"मी स्वार होतो याचा दाखला मी दारोदार घेऊन फिरू? जा तुम्ही. पाणी वाया जातंय."

परतल्यावर मिरची तोंड उघडणार, तोच गुळ्याने टेबलावरची लांब पट्टी उचलून ग्रंथपालकाकांपुढे धरली.

"काका, तुम्ही स्वार असता तर रुबाबदार दिसला असता. ही तलवार समजा. कुठे लावाल?"

काका हसले. पण त्यांनी पोट आत घेतलं, पट्टी डाव्या बाजूने कमरपट्ट्यात खोचली आणि उजव्या हाताने झटक्यात उपसली.

"झकास," गुळ्या म्हणाला. "मग यांच्या तलवारी उजवीकडे कशा?"

काकांची पट्टी हवेतच राहिली. "डावखुरे असतील."

"नऊच्या नऊ?" मिरचीने विचारलं.

शिडीवर पेंटर खो खो हसला. "साहेब, कोटाची बटणंही बघा. बायकांच्या ब्लाउजसारखी उलटी आहेत."

फोटो मोठा करून देणारे फोटोवाले समोरच राहत होते. मिरचीने त्यांना फोटोच्या मूळ काचेच्या निगेटिव्हसकट ओढत आणलं. त्यांनी काच खिडकीच्या उजेडात धरली, फोटोशी ताडून पाहिली आणि कपाळावर हात मारला.

"मोठा करताना काच उलटी बसली माझ्याकडून. आरशातल्यासारखं सगळं फिरलंय."

त्यांनी काच फिरवली. तलवारी डावीकडे गेल्या, सातवा स्वार तिसरा झाला आणि लगाम धरलेल्या त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं नव्हती.

"अरे देवा. म्हणजे नऊही नावं चुकीच्या माणसांखाली आली असती," ग्रंथपालकाका पुटपुटले.

"आठ," टिपण म्हणाला. "मधला पाचवा दोन्हीकडून पाचवाच."

फोटोवाल्यांनी तासाभरात सरळ फोटो करून आणला, तोवर काका स्वतः शेतावर जाऊन आजोबांना घेऊन आले होते. आजोबांनी दारात पायाचा चिखल धुतला.

"माझी चूक झाली," काका सगळ्यांसमोर म्हणाले. "या पोरांचे डोळे उघडे होते, म्हणून अब्रू वाचली."

आजोबा फोटोसमोर उभे राहिले. तिसऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. तीन बोटांचा हात पहिल्या स्वारावर ठेवला.

"हा शिट्टी वाजवायचा, घोडे मागे यायचे. हा दुसरा, आधी घोड्याला पाणी, मग स्वतःला. परत आला नाही." एकेकाजवळ थांबत ते नवव्यापर्यंत गेले.

मग त्यांनी नातवंडांकडे पाहिलं. "शाबास. आमची ओळ सरळ केलीत तुम्ही."

पेंटरने ब्रश बुडवला. "आजोबा, आधी तुमचंच नाव रंगवतो."

"नाही," आजोबा म्हणाले, आणि त्यांची पाठ ताठ झाली. "पहिल्यापासून लिही. मी माझ्या जागेवर येईन."